सामन्याचा भाव कसा बांधतात: प्रकल्प नोंदी

११ ऑगस्ट

कामाची व्याप्ती आज पक्की केली. फुटबॉलच्या सामन्याआधी बुकमेकर, म्हणजे पैजा घेणारा, तीन भाव जाहीर करतो: यजमान जिंकले तर, बरोबरी झाली तर, पाहुणे जिंकले तर. हे तीन आकडे जुन्या निकालांवरून स्वतः काढायचे आणि बाजारातल्या भावांशी ताडून बघायचे. पैसे कुठेही लावायचे नाहीत. जिंकण्याची युक्ती मला नको आहे. हा आकडा कुठून येतो आणि सामना सुरू होईपर्यंत त्याचं काय काय होतं, ते नीट समजून घ्यायचं आहे.

फुटबॉल घेण्याचं कारण सरळ आहे. गोल कमी होतात, त्यामुळे सगळे संभाव्य निकाल एका तक्त्यात मावतात.

सगळीकडे दशांश भाव वापरायचे ठरवलं. भाव २.०० असेल तर १०० लावून जिंकणाऱ्याला मुद्दल धरून २०० मिळतात. एकाला भावाने भागलं की त्यात दडलेली शक्यता हाती येते: २.०० म्हणजे ५० टक्के, ४.०० म्हणजे २५ टक्के. अमेरिकेत उणे-अधिक लिहायची पद्धत आहे. तिथला उणे ११० म्हणजे १०० कमावण्यासाठी ११० लावायचे, दशांशात १.९१. मांडणी वेगळी, अर्थ तोच.

१४ ऑगस्ट

सुरुवात संघांच्या ताकदीपासून. संख्याशास्त्रज्ञ एम. जे. माहेर यांनी १९८२ मध्ये मांडलेली कल्पना अजूनही पाया म्हणून भक्कम आहे: प्रत्येक संघाला एक आक्रमणाचा आकडा आणि एक बचावाचा आकडा द्यायचा. यजमानांचं आक्रमण, पाहुण्यांचा बचाव आणि घरच्या मैदानाचा फायदा यांचा गुणाकार केला की यजमानांचे सरासरी अपेक्षित गोल मिळतात. पाहुण्यांचेही तसेच. त्या सरासरीवरून ०, १, २, ३ गोल होण्याची शक्यता पॉयसाँ वितरण या गणिती सूत्रातून निघते.

भाव बांधणारे यालाच पॉवर रेटिंग म्हणतात. बुद्धिबळात आर्पाड एलो यांनी रूढ केलेलं रेटिंग याच कुळातलं. फिफाची पुरुष संघांची क्रमवारीही २०१८ पासून त्याच धर्तीवर निघते. मात्र एलोत प्रत्येक संघाला एकच आकडा असतो. आक्रमण आणि बचाव वेगळे ठेवले की "एकूण गोल किती" या बाजाराचाही भाव त्याच तक्त्यातून काढता येतो. म्हणून माहेरचीच वाट धरली.

१७ ऑगस्ट

आज एक सामना हाताने सोडवला. आकडे कल्पित, पण वास्तवाला धरून: यजमानांचे अपेक्षित गोल १.६, पाहुण्यांचे १.१.

यजमानांचा एकही गोल न होण्याची शक्यता २०.२ टक्के, एक गोल ३२.३, दोन २५.८, तीन १३.८. पाहुण्यांची तीच रांग ३३.३, ३६.६, २०.१, ७.४. दोन रांगांचा गुणाकार करून चौकटी भरल्या. ०-० ची शक्यता ६.७ टक्के, १-१ ची ११.८, २-२ ची ५.२, ३-३ ची १.०. कर्णावरच्या सगळ्या चौकटी मिळवल्या की बरोबरी २४.९ टक्के. कर्णाच्या एका बाजूची बेरीज यजमानांचा विजय, ४९.०. दुसऱ्या बाजूची पाहुण्यांचा, २६.१.

हे तीन आकडे उलटवले की २.०४, ४.०२ आणि ३.८२. हा शुद्ध भाव. यात कुणाचाच नफा नाही आणि दीर्घकाळात कुणाचाच तोटा नाही. जगातला कुठलाही बुकमेकर हा भाव जाहीर करणार नाही, पण आत कुठेतरी त्याच्याकडे हा असलाच पाहिजे.

तक्ता भरताना एक गोष्ट मनावर ठसली. १.६ विरुद्ध १.१ म्हटलं की यजमान चांगलेच वरचढ वाटतात. तरी ते निम्म्याहून किंचित कमी वेळाच जिंकतात. गोल कमी पडणाऱ्या खेळात बरोबरी मोठा घास घेते. "जिंकणार कोण" असं विचारलं तर बहुतेक जण यजमानांचं नाव घेतील आणि ते गैर नाही. पण बुकमेकरचा प्रश्न "किती वेळा" हा असतो. दोन्ही प्रश्नांतलं अंतर हाच त्याचा धंदा.

१८ ऑगस्ट

त्याच तक्त्यातून एकूण गोलांची लाइन, म्हणजे दोन्ही बाजूंची शक्यता जवळपास सारखी ठेवणारा सीमेचा आकडा. सरासरी २.७. दोन किंवा कमी गोल होण्याची शक्यता ४९.४ टक्के, तीन किंवा जास्त ५०.६. म्हणजे लाइन अडीचवर. अर्धा गोल कुणी मारत नाही. तो मध्ये असल्यामुळे निकाल बरोबर लाइनवर पडून पैसे परत करायची वेळ येत नाही.

२३ ऑगस्ट

मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स यांनी १९९७ मध्ये केलेली दुरुस्ती आज बसवली. साधं पॉयसाँ गणित दोन्ही संघांचे गोल एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र धरतं. प्रत्यक्षात कमी गोलांच्या सामन्यांत तसं दिसत नाही: ०-० आणि १-१ हे निकाल गणितापेक्षा थोडे जास्त वेळा लागतात, १-० आणि ०-१ थोडे कमी वेळा. त्यांनी फक्त या चार चौकटींना हात लावला, बाकी तक्ता जसाच्या तसा ठेवला.

मोसमानुसार हा दुरुस्तीचा आकडा बदलतो. मी नमुन्यादाखल उणे ०.१ घेतला. गंमत अशी, की चारही चौकटींत होणारा बदल अगदी सारखा येतो, प्रत्येकी १.१८ टक्के बिंदू. १-० मधून जेवढे निघाले तेवढेच १-१ मध्ये गेले. त्यामुळे एकूण बेरीज १०० च राहते आणि दोन्ही संघांची गोलांची सरासरीही हलत नाही. इतकी नेटकी दुरुस्ती मी क्वचितच पाहिली आहे. नवे आकडे: यजमान ४७.८, बरोबरी २७.३, पाहुणे २५.०. बरोबरीचा शुद्ध भाव ४.०२ वरून ३.६७ वर आला. एवढा फरक सोडून भाव जाहीर केला, तर गणित जाणणारे लोक आठवड्यामागून आठवडे बरोबरीवरच पैसे लावत राहतील.

२५ ऑगस्ट

जुन्या सामन्यांना कमी वजन. काल खेळलेला सामना आणि दोन वर्षांपूर्वीचा सामना सारखाच मोजला तर संघ कधी बदललाच नाही असं मानल्यासारखं होतं. वजन किती वेगाने उतरवायचं, ते अंदाज कधी सर्वांत चांगले येतात यावरून ठरवलं. घरच्या मैदानाचा फायदाही कायमचा दगडावर कोरलेला नसतो. २०२० मध्ये जर्मनीची लीग रिकाम्या स्टेडियममध्ये पुन्हा सुरू झाली आणि यजमानांचं पारडं ठळकपणे हलकं झालं. तो काळ मी वेगळा काढून ठेवला.

३० ऑगस्ट

मॉडेलला काय दिसत नाही, याची यादी करत होतो. मुख्य गोलरक्षक आजारी आहे. तीन दिवसांनी महत्त्वाचा सामना असल्यामुळे प्रशिक्षक आज दुसरी फळी उतरवणार आहे. संघाचं स्थान आधीच निश्चित झालंय आणि आजच्या निकालाने काहीच बिघडत नाही. मैदानावर पाणी साचलंय. हे सगळं जुन्या निकालांच्या रकान्यांत कुठेही नाही.

इथे माणूस लागतो. पूर्वी लास व्हेगासमध्ये लाइन म्हणजे एखाद्या अनुभवी माणसाचं मत असायचं. १९८० च्या दशकात मायकल रॉक्सबरो यांनी लास व्हेगास स्पोर्ट्स कन्सल्टंट्स ही कंपनी काढून नेवाडातल्या कॅसिनोंना लाइन पुरवायला सुरुवात केली आणि संगणक, माहिती व जाणकार अशी सांगड घातली. तेव्हापासून लाइन हा बऱ्याच अंशी घाऊक माल झाला आहे: बांधणारे मोजके, त्यावर आपला शिक्का मारून विकणारे अनेक. आज वेगवेगळ्या ठिकाणी जवळजवळ एकसारखे भाव दिसतात ते याचमुळे. सगळ्यांनी स्वतंत्रपणे गणित करून एकच उत्तर काढलेलं नसतं.

४ सप्टेंबर

आता नफा कसा मिसळतात ते. माझे दुरुस्त आकडे ५ टक्क्यांनी फुगवले आणि उलटवून सोयीच्या आकड्यांवर आणले: २.००, ३.५०, ३.८०. यांच्या व्यस्तांची बेरीज १०४.९. शंभराच्या वरचा हा भाग म्हणजे ओव्हरराउंड. यजमानांवर १०० लावणाऱ्याला सरासरी ९५.६ परत मिळतात, बरोबरीवर ९५.४, पाहुण्यांवर ९४.९. कुठल्याही बाजूला जा, वाट तोट्याकडेच जाते, आणि त्यात फसवणूक म्हणावी असं काही नसतं. सगळं भावात उघड लिहिलेलं असतं. बेरीज मात्र ज्याची त्याने करायची.

खरी मेख पुढे आहे. नफा तिन्ही बाजूंना सारखाच वाटला पाहिजे असं कुठे आहे? एक एकतर्फी सामना घेतला, शक्यता ८०, १३ आणि ७ टक्के. सारख्या प्रमाणात ५ टक्के वाढवले तर भाव १.१९, ७.३३ आणि १३.६१ येतात. आता दुसरी मांडणी बघा: १.२२, ७.०० आणि ११.५०. व्यस्तांची बेरीज जवळपास तीच, १०५. पण बलाढ्य संघावर १०० लावणारा आता सरासरी फक्त २.४ गमावतो, बरोबरीवाला ९ आणि दुबळ्या संघावर लावणारा १९.५. एकाच सामन्यात, एकाच पाटीवर, एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याच्या आठपट महाग माल.

घोड्यांच्या शर्यतींत हा कल १९४९ मध्येच रिचर्ड ग्रिफिथ यांनी नोंदवला होता: लांबच्या घोड्यावर, म्हणजे जिंकण्याची शक्यता फार कमी असलेल्या घोड्यावर, लोक त्याच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात. थोडक्यात पुष्कळ मिळण्याची आशा विकत घेताना किंमत कुणी मोजत नाही, हे एक स्पष्टीकरण. ह्युन सॉन्ग शिन यांनी १९९० च्या दशकात दुसरी बाजू मांडली आणि मला ती अधिक पटते. त्यांच्या मते बुकमेकरला धास्ती असते ती आतली खबर असलेल्या माणसाची. ५० टक्क्यांच्या घोड्यावर असा खबर असलेला माणूस आला तर नुकसान आटोक्यात राहतं. ५० पट देणाऱ्या घोड्यावर आला तर एकच पैज महिन्याची कमाई नेते. म्हणून लांबच्या भावाला जास्त कुंपण. मोठ्या भावातली ही कात्री बुकमेकरच्या अज्ञानाचा विमा असते.

आता लेस्टर सिटीचं उदाहरण. २०१५-१६ च्या मोसमाआधी लेस्टर प्रीमियर लीग जिंकेल यावर एकास ५००० असा भाव होता, आणि लेस्टर जिंकलं. असा आकडा तक्ता भरून निघत नाही असं माझं मत आहे. कुणी फारसं लावणार नाही या भरवशावर लावलेली ती पाटी असते. त्या टोकाला मोजमाप जवळपास शक्य नसतं, कारण ताडून बघायला तेवढे मोसम खेळलेच गेलेले नाहीत.

१० सप्टेंबर

या प्रकल्पात सर्वांत जास्त वेळ आजच्या प्रश्नाला दिला. जवळपास प्रत्येक ठिकाणी वाचायला मिळतं की बुकमेकर दोन्ही बाजूंना सारखे पैसे येतील असा भाव ठेवतो आणि मधला नफा निवांत खिशात टाकतो, निकाल काही का लागेना. हे खरं आहे का, ते आकड्यांत बघायचं ठरवलं.

माझे भाव २.००, ३.५०, ३.८०. शक्यता ४७.८, २७.३, २५.०. एकूण १००० जमा झाले असं धरू.

पहिला प्रसंग, वही (कुठल्या बाजूवर किती पैसे आले त्याचा हिशेब) पूर्ण समतोल. यजमानांवर ४७७, बरोबरीवर २७२, पाहुण्यांवर २५१. काहीही झालं तरी बुकमेकर साधारण ९५३ देतो. नफा ४७, पक्का.

दुसरा प्रसंग, लोकांचा आवडता संघ यजमान आहे. त्याच्यावर ७००, उरलेल्या दोन्हींवर दीडदीडशे. यजमान जिंकले तर १४०० द्यावे लागतात, म्हणजे ४०० चा खड्डा. बरोबरी झाली तर ४७५ नफा, पाहुणे जिंकले तर ४३०. एकट्या सामन्यात हा जुगारच दिसतो. पण शक्यतांनी गुणून सरासरी काढली तर नफा ४६. समतोल वहीतही तो ४७ च होता.

तिसरा प्रसंग. पैसे दुसऱ्या प्रसंगासारखेच, भाव तेच, फक्त बुकमेकरचा अंदाज चुकलेला: खरी शक्यता ५५, २४, २१. आता सरासरी काढली तर १६ चा तोटा.

मला जे समजून घ्यायचं होतं ते इथे उघड्यावर आलं. वही एका बाजूला कलल्याने सरासरी नफा जवळजवळ हलत नाही, फक्त चढउतार वाढतात, आणि शेकडो सामने चालवणाऱ्याला ते पेलतात. आकडा चुकला की मात्र नफा तोट्यात जातो, आणि सामने जितके जास्त तितका तो तोटा खात्रीचा. समतोल वही ही सोय आहे, अचूक आकडा ही गरज. लहान भांडवलाचा बुकी समतोलामागे धावेल, कारण ४०० चा एक खड्डा त्याला बुडवू शकतो. मोठा खेळाडू खड्डा सोसतो आणि आकड्याची काळजी करतो.

१३ सप्टेंबर

कालपरवाच्या गणिताला आधार मिळतो तो स्टीव्हन लेव्हिट यांच्या २००४ च्या अभ्यासात. अमेरिकन फुटबॉलच्या २००१ च्या मोसमातल्या एका पैजांच्या स्पर्धेतली माहिती त्यांनी तपासली. पैसे दोन्ही बाजूंना समान नव्हतेच. लोक वरचढ संघाकडे झुकलेले होते. लेव्हिट यांचा निष्कर्ष असा की भाव बांधणारे हा झुकाव ओळखून असतात आणि लाइन मुद्दाम किंचित त्या बाजूला सरकवतात. म्हणजे लोकप्रिय संघावर लावणाऱ्याला त्याच्या आवडीची किंमत मोजावी लागते.

पण सरकवण्याला हद्द असते. फार सरकवली तर दुसऱ्या बाजूला जाणकार तुटून पडतात.

१९ सप्टेंबर

लाइनचा प्रवास. भाव बांधून झाला म्हणजे काम संपलं, असं नसतं. खरं शिक्षण जाहीर केल्यावर सुरू होतं.

पहिली लाइन मोजके लोक काढतात आणि ती काढताना लावण्याची मर्यादा मुद्दाम कमी ठेवतात. ही मर्यादा म्हणजे माहितीसाठी मोजायची फी. एखादा जाणकार, ज्याला या धंद्यात शार्प म्हणतात, येऊन यजमानांवर मर्यादेइतकी रक्कम लावतो. बुकमेकर २.०० चा भाव १.९५ करतो. पुन्हा त्याच बाजूला दुसरा शार्प आला तर १.९०. आता कुणी येईना, म्हणजे आकडा जागेवर बसला. मग मर्यादा वाढते, सर्वसामान्य लोकांसाठी दार उघडतं आणि इतर ठिकाणी तो भाव उचलला जातो.

या सगळ्यात रक्कम किती आली यापेक्षा कुणाची आली हे महत्त्वाचं. हौशी लोकांचे दहा हजार आले तरी लाइन ढिम्म राहू शकते आणि एका विशिष्ट खात्यातून दोनशे आले की हलते. प्रत्येक खात्याचा इतिहास बुकमेकरकडे असतो: या माणसाने घेतलेला भाव सामन्यापर्यंत बहुधा खाली जातो का? जात असेल तर तो माणूस जाणकार, मग तो आजवर हरत आलेला का असेना. अशा खात्यांशी वागण्याच्या दोन तऱ्हा आहेत. काही जण त्यांना खेळू देतात आणि त्यांच्याकडून आकडा शिकतात. बरेच जण त्यांची मर्यादा इतकी आवळतात की खातं असून नसल्यासारखं. दुसरी तऱ्हा मला अन्यायाची वाटते. हरणाऱ्यासाठी दार सताड उघडं आणि जिंकू शकणाऱ्यासाठी फट, असं करायचं असेल तर ते दारावर ठळक लिहिलेलं असावं.

२१ सप्टेंबर

आज अमेरिकन फुटबॉल, कारण "लाइन" या कल्पनेचं पूर्ण रूप तिथे दिसतं. कोण जिंकेल याऐवजी किती गुणांनी जिंकेल यावर पैज. बलाढ्य संघाच्या खात्यातून काही गुण वजा करून दोन्ही बाजू जवळपास समान करायच्या आणि दोन्हींना उणे ११० भाव द्यायचा. ही पद्धत रूढ करण्याचं श्रेय चार्ल्स मॅकनील यांना दिलं जातं. गणिताचे शिक्षक, १९४० च्या दशकात शिकागोत त्यांचा हा व्यवसाय होता. दोन्ही बाजू ११० लावतात आणि जिंकणारा १०० कमावतो, त्यामुळे केवळ बरोबरीत राहण्यासाठी ५२.४ टक्के पैजा जिंकाव्या लागतात.

हाल स्टर्न यांनी १९९१ मध्ये दाखवलं की प्रत्यक्ष गुणफरक आणि लाइन यांतली तफावत शून्याभोवती घंटाकृती पसरते आणि तिचं प्रमाण विचलन, म्हणजे पसरण्याचं माप, १४ गुणांच्या जरासं आत असतं. त्यावरून लाइनचं शक्यतेत रूपांतर करता येतं: ३ गुणांनी वरचढ संघ साधारण ५९ टक्के वेळा जिंकतो, ७ गुणांनी वरचढ असलेला ६९ टक्के. एवढ्या पैशाअडक्याच्या आणि बुद्धीच्या बाजारातून निघालेला आकडासुद्धा एका सामन्यात सहज १४ गुणांनी हुकतो. लाइन सरासरीत बरोबर असते. एकेका सामन्यात ती बरोबर असण्याचं वचन कुणी दिलेलंच नाही.

पण ही घंटा गुळगुळीत नाही. फील्ड गोलचे गुण ३; टचडाउनचे ६ आणि त्यावर बहुतेकदा १, मिळून ७. म्हणून सामने ३ आणि ७ गुणांच्या फरकाने इतर कुठल्याही फरकापेक्षा जास्त वेळा संपतात. लाइन ५ वरून ५.५ केली तर फारसं बिघडत नाही. २.५ वरून ३.५ करायची तर भाव बांधणारा दहादा विचार करतो, कारण मधल्या ३ वर निकाल पडला तर आधीचे आणि नंतरचे दोन्ही गट जिंकतात. म्हणून ३ च्या आसपास तो लाइन जागेवर ठेवतो आणि नुसता भाव हलवतो, उणे ११० चा उणे १२० करतो.

हे न साधल्यास काय होतं, त्याचा धडा २१ जानेवारी १९७९ ला मिळाला. तेरावा सुपर बोल, पिट्सबर्ग स्टीलर्स विरुद्ध डॅलस काउबॉइज. स्टीलर्स साडेतीन गुणांनी वरचढ अशी लाइन निघाली, तिकडे पैसे आले, लाइन साडेचारपर्यंत गेली, मग काउबॉइजकडे पैसे आले. सामना ३५-३१ असा संपला. फरक चार. साडेतीनवर स्टीलर्स घेणारे जिंकले, साडेचारवर काउबॉइज घेणारेही जिंकले. लास व्हेगासमध्ये तो दिवस काळा रविवार म्हणून ओळखला जातो. माझ्या १० सप्टेंबरच्या नोंदीशी याचा थेट संबंध आहे: वही समतोल करण्यासाठीच लाइन हलवली गेली, आणि समतोल साधताना मधल्या फटीत तोटा शिरला.

२ ऑक्टोबर

एक्स्चेंजवरचे भाव मिळवले. बेटफेअरने २००० मध्ये आणलेल्या या पद्धतीत लोक एकमेकांविरुद्ध लावतात, कुणीही बुकमेकरच्या जागी बसू शकतो आणि कंपनी जिंकणाऱ्याकडून कमिशन घेते. व्यस्तांची बेरीज इथे १०० च्या अगदी जवळ येते, त्यामुळे ताडून बघायला हे भाव सोयीचे. नफा वजा करण्याची कसरत जवळपास टळते.

९ ऑक्टोबर

एकत्र पैजा. २०१८ च्या मे महिन्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने बहुतेक राज्यांना खेळांवरच्या पैजांना परवानगी देण्यापासून रोखणारा १९९२ चा केंद्रीय कायदा रद्द केला, एकामागून एक राज्यांनी परवानगी दिली, आणि मोबाइलवरच्या जाहिरातींत सर्वांत पुढे असतात त्या या पार्ले. चार सामने निवडा, चारही जिंकले तर घबाड.

हिशेब छोटा आहे. प्रत्येक पैज खरोखर ५०-५०, भाव १.९१. एका पैजेत १०० मागे ४.५ जातात. चार एकत्र केल्या तर भाव १३.३१, न्याय्य भाव १६. म्हणजे १०० मागे १७ जातात. भाव कुठेही बिघडवलेला नाही, तोच कापणारा हात चार वेळा फिरला. जिथे सर्वांत मोठं बक्षीस दाखवलं जातं तिथेच कपात सर्वांत खोल असते. हे शाळेतल्या गुणाकाराने कळतं, आणि तरुण मुलांना ते तितक्याच मोठ्या अक्षरांत कुणी दाखवत नाही याची मला मनापासून चीड येते.

एकाच सामन्यातल्या पैजा एकत्र करणं वेगळं. अमुक खेळाडू गोल करेल आणि त्याचा संघ जिंकेल या गोष्टी हातात हात घालून येतात, तिथे सरळ गुणाकार चालत नाही. परस्परसंबंध किती धरायचा ते बुकमेकर ठरवतो. लावणाऱ्याला तो आकडा पडताळून बघायचं साधन नसतं.

१७ ऑक्टोबर

मॉडेल विरुद्ध बाजार. मोजायला ब्रायर गुण वापरला. हवामानाचे अंदाज तपासण्यासाठी ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये सुचवलेली ही रीत: सांगितलेली शक्यता आणि घडलेली गोष्ट यांतल्या फरकाचा वर्ग, त्याची सरासरी. शिवाय गट पाडून बघितलं: ज्यांना मी ३० टक्के म्हटलं ते खरंच दहात तीनदा घडले का?

निकाल स्पष्ट आहे. पहिल्या जाहीर भावांच्या जवळ मॉडेल पोहोचतं. सामना सुरू होतानाच्या शेवटच्या भावांपुढे ते मागे पडतं, आणि ही दरी मोसमाच्या सुरुवातीला आणि शेवटी जास्त रुंद असते: सुरुवातीला संघ नवे असतात, शेवटी काहींना निकालाची फिकीर नसते. ३० ऑगस्टच्या यादीतल्या गोष्टी शेवटच्या भावात उतरलेल्या असतात. गोलरक्षक आजारी असल्याची बातमी कळलेल्या माणसाने पैसे लावले, भाव हलला, आणि बातमी न वाचताही ती आकड्यात वाचता आली.

२४ ऑक्टोबर

शेवटचा भाग, सामना चालू असतानाचे भाव. मूळ आकडे १.६ आणि १.१ च ठेवले. साठ मिनिटं झाली आहेत, ०-०. उरलेल्या एक तृतीयांश वेळेसाठी अपेक्षित गोल ०.५३ आणि ०.३७. नवा तक्ता: यजमान ३१ टक्के, बरोबरी ४९, पाहुणे २०. मैदानावर काहीही घडलेलं नाही आणि यजमानांचा शुद्ध भाव २.०४ वरून ३.२० वर गेलाय. मिनिट पुढे सरकणं हीच घटना.

इथे बुकमेकरला शार्प लोकांकडून शिकायला उसंत नसते. आकडा यंत्र देतं, मैदानावरून माणूस घटना कळवतो, आणि पेनल्टी किंवा व्हिडिओ तपासणी सुरू झाली की बाजार तत्काळ थांबवतात. लावलेली पैज काही सेकंद थांबवून मगच स्वीकारतात, कारण प्रक्षेपण उशिरा पोहोचतं आणि मैदानात बसलेल्याला गोल आधी दिसतो. टेनिसमध्ये कोर्टाशेजारी बसून गुण कळवण्याच्या प्रकारावरून २०१४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये अटकही झाली होती. माहिती कमी आणि वेळ थोडा, म्हणून सामन्याआधीच्या भावापेक्षा इथे कात्री मोठी आणि मर्यादा लहान असते.

माझ्या तक्त्यात गोल होण्याचा वेग नव्वद मिनिटं सारखाच धरलेला आहे. प्रत्यक्षात उत्तरार्धात गोल जास्त होतात, त्यामुळे ४९ चा आकडा थोडा खाली येईल. मिनिटागणिक गोलांचा दर वेगळा काढायला घेतला आहे. लाल कार्डानंतर दोन्ही संघांचे दर किती बदलतात ते त्याच फाइलमधून निघेल.